नवा कोच आणि चार चिठ्ठ्या

२०१६-१७ च्या आय-लीग फुटबॉलमध्ये एक अजब प्रकार घडला. कूपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीने नवा कोच आणला आणि मोसम संपला तेव्हा क्लब गुणतक्त्याच्या तळाला होता, लीगमधून बाहेर फेकला गेला होता. त्याच मोसमात त्यांचा जुना कोच मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेला आणि ऐझॉल देशाचा विजेता झाला. आदल्या वर्षी हेच ऐझॉल लीगमधून खाली घसरलं होतं. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला परत प्रवेश मिळाला होता, इतकंच.

जुन्या कोचचं नाव खालिद जमील. २००९ ते २०१६, सात वर्षं त्याने मुंबई एफसी सांभाळली. या सात वर्षांत क्लब कधी घसरला नाही आणि कधी विजेताही झाला नाही. हातात पैसा कमी, म्हणून दहा जण मागे, बचाव घट्ट, जमलं तर एखादा गोल. हे बघायला येणारे लोक मोजकेच, पण पक्के. कोणी धोबीतलावच्या जेर महालातल्या कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक खोल्यांतून, कोणी खोताच्या वाडीतून चालत, कोणी परळहून गाडीने चर्चगेटला उतरून. परळच्या सेंट झेवियर्स ग्राउंडवर शनिवार-रविवार घालवलेल्यांना कूपरेज म्हणजे काशीच. या मंडळींचं खालिदबद्दल कधी एकमत झालं नाही. एक म्हणायचा, "अरे, हा नसता तर केव्हाच गेलो असतो खाली." दुसरा म्हणायचा, "सात वर्षं काय नुसतं तरंगत राहायचं? बदला की कोच!"

कोच बदलला, आणि मग वर सांगितलं ते झालं. याचा अर्थ पहिला माणूस बरोबर होता असा लावायचा मोह होतो. पण जरा थांबा, कारण फुटबॉलमध्ये कोचचं काम मोजणं ही भलतीच अवघड गोष्ट आहे, आणि ती का अवघड आहे ते समजलं की आपण इतकी वर्षं कशावर भांडत होतो याचं आश्चर्य वाटायला लागतं.

मुंबई हे क्रिकेटचं गाव. एका वनडे सामन्यात साडेचारशे-पाचशे धावा होतात. संघ चांगला असेल तर तो चांगलेपणा दिसायला सहाशे चेंडू मिळतात. फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सरासरी अडीच-तीन गोल होतात. नव्वद मिनिटं बावीस माणसं धावतात आणि निकाल ठरतो दोन-तीन क्षणांवर. एवढ्या दुर्मीळ घटनांचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँने एकोणिसाव्या शतकात मांडलं होतं. पुढे १८९८ मध्ये बोर्टकेविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने त्याच सूत्राने प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथेने दरवर्षी किती सैनिक मरतात याचा हिशेब जुळवून दाखवला. घोड्याची लाथ आणि स्ट्रायकरची लाथ एकाच सूत्रात बसते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं. पण बसते, आणि चांगली बसते.

आता एक चांगला संघ घ्या. सरासरी सामन्याला १.६ गोल मारणारा आणि १.१ खाणारा. म्हणजे प्रतिस्पर्ध्यापेक्षा जवळजवळ दीडपट भारी. प्वासाँच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येतं: हा संघ निम्मे सामने जिंकतो, पाव बरोबरीत सोडवतो आणि पाव हरतो. दीडपट भारी असून चारांतल्या एका सामन्यात पराभव.

हे घरी करून बघता येतं. चार चिठ्ठ्या करा. दोन चिठ्ठ्यांवर लिहा "जिंकलो", एकीवर "बरोबरी", एकीवर "हरलो". डब्यात टाका, एक काढा, लिहून ठेवा, परत टाका. असं वीस वेळा करा. झाला तुमचा मोसम. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक. सरासरी ३५ गुण पडायला हवेत. पण हा खेळ पुनःपुन्हा खेळलात तर दिसेल की तीनपैकी दोन मोसमांत गुण ३० ते ४० यांच्यामध्ये कुठेही पडतात, आणि तिसऱ्या मोसमात त्याच्याही बाहेर. चिठ्ठ्या त्याच, डबा तोच. कोच नाही, डावपेच नाहीत, ड्रेसिंग रूममधली भांडणं नाहीत.

याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. या वीस चिठ्ठ्यांत सलग चार वेळा "जिंकलो" न येण्याची वेळ जवळजवळ निम्म्या मोसमांत येते, आणि सलग पाच वेळा न येण्याची वेळ चारांतल्या एका मोसमात. पाच सामने विजय नाही! खऱ्या क्लबमध्ये एवढ्यात कोचची बॅग भरलेली असते. वर्तमानपत्रांत "संघाचा सूर हरपला" असं छापून येतं. इथे हरपायला सूरच नव्हता.

आता मुंबई सिटीकडे या. इंडियन सुपर लीगमधला हा क्लब २०१४ मध्ये सुरू झाला. आधी नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर खेळायचा, २०१६ पासून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात. म्हणजे दक्षिण मुंबईचा फुटबॉल उपनगरात गेला आणि लालबाग-दादरच्या पोरांना सामन्यासाठी उलट्या दिशेची गाडी पकडायची सवय करावी लागली. परतीच्या गाडीत दादर येईपर्यंत चर्चा एकच: नवा कोच कसा आहे? या क्लबने तेवढी सोयच करून ठेवली आहे. पीटर रीड, मग खेळाडू आणि कोच दोन्ही असलेला निकोला अनेल्का, मग ग्विमाराइश, जॉर्ज कोस्टा, सर्जिओ लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रात्की. अनेल्काच्या काळात गोव्याकडून ७-० असा मार खाल्ला होता. जुन्या चाहत्यासमोर तो विषय अजूनही काढू नये.

लोबेरा २०२० मध्ये आला. पहिल्याच मोसमात २० सामन्यांत ४० गुण. एटीके मोहन बागानचेही ४०, पण आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले असल्याने साखळीत अव्वल ठरणाऱ्याची शिल्ड मुंबईकडे. मग १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात त्यांच्याशीच अंतिम सामना, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, २-१. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, स्टेडियम रिकामं. मुंबईने दोन्ही विजेतेपदं मिळवली आणि मुंबईच्या एकाही चाहत्याने ती मैदानात बसून पाहिली नाहीत.

मग लोबेरा गेला आणि बकिंगहॅम आला. गुण ४० वरून ३१ वर. संघ पाचवा, बाद फेरीच्या बाहेर. तेव्हाच्या गाड्यांतलं बोलणं तुम्हाला सांगायला नको. "हा असिस्टंट होता मेलबर्नला, असिस्टंटच बरा होता."

चिठ्ठ्यांचा डबा काय सांगतो? एकाच डब्यातून काढलेल्या दोन मोसमांत नऊ किंवा जास्त गुणांचा फरक दर तीन-चार जोड्यांमध्ये एकदा पडतोच. म्हणजे ४० आणि ३१ यांच्यातला सगळा फरक निव्वळ नशिबाचा असू शकला असता. शिवाय डबा तोच राहिला नव्हता: गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि ह्यूगो बूमूस मोहन बागानला गेले होते, ओगबेचे हैदराबादला जाऊन लीगमधले सर्वाधिक गोल मारत होता. त्याच बकिंगहॅमने ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. विजयी गोल मुंबईच्याच राहुल भेकेचा. आणि पुढच्या मोसमात? सलग १८ सामने अपराजित, २० सामन्यांत ४६ गुण, शिल्ड पुन्हा मुंबईत. ३१ वरून ४६. पंधरा गुणांची उडी नशिबाने मारता येते, पण बारा-पंधरा जोड्यांत एकदाच. इथे मला कोचचा हात दिसतो. क्लबने पाचव्या क्रमांकानंतर त्याला घरी पाठवलं असतं, तर तो हात कोणालाच दिसला नसता.

क्रात्कीची गोष्ट उलट दिशेने घडली. डिसेंबर २०२३ मध्ये मोसमाच्या मध्यात आला, शिल्ड एका गुणाने हुकली, आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानच्याच मैदानावर ३-१ असा अंतिम सामना जिंकला. लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. पुढचा पूर्ण मोसम त्याच्या हातात होता. २४ सामन्यांत ३६ गुण, सहावा क्रमांक, आणि बाद फेरीत बंगळुरूकडून ५-०. नव्याचे नऊ दिवस म्हणायचं की पहिले पाच महिने त्याच्या बाजूने चिठ्ठ्या पडल्या होत्या?

कोच बदलल्यावर संघ सुधारतो, हे तर आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग तेही खोटं का? खोटं नाही. पण कोच कधी बदलतात ते बघा. संघ तळ गाठतो तेव्हा. लालबागच्या राजाला नवसाची रांग लावणारा माणूसही सहसा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत रांगेत उभा असतो. तिथून पुढे दिवस फिरतात, आणि नवस पावल्याचा अनुभव खरा असतो. श्रद्धेचा प्रश्न निराळा, त्यात मला शिरायचं नाही. हिशेबापुरतं एवढंच की तळाहून बहुतेक वाटा वरच जातात. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये हेच माणसांच्या उंचीत दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीच्या थोडी जवळ सरकलेली.

डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगचे १९८६ ते २००४ चे मोसम काढून बघितले. ज्या संघांनी घसरणीनंतर कोच हाकलला, ते पुढे सावरले. इथपर्यंत सगळे खूश. मग त्यांनी तशीच घसरण झालेले, पण कोच न बदललेले संघ शोधले. तेही तितकेच सावरले होते. मला विचाराल तर हा फुटबॉलमधला सगळ्यात सुंदर प्रयोग आहे. ज्याने काहीच केलं नाही त्याच्याकडे बघायचं आपल्याला सुचतच नाही.

याची उलट बाजू गोव्यात दिसली. लोबेरा मुंबईत येण्याआधी एफसी गोवाचा कोच होता. जानेवारी २०२० च्या शेवटी, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना त्याला काढलं. क्लिफर्ड मिरांडाने उरलेले साखळी सामने सांभाळले आणि गोव्याने शिल्ड जिंकली. ती शिल्ड कोणाची? मडगावच्या कुठल्याही टपरीवर हा प्रश्न टाकून बघा, संध्याकाळ निघून जाईल. आणि त्याच गोव्यातून लोबेराच्या मागोमाग मूर्तादा फॉल, अहमद जाहू, बूमूस, मंदार राव देसाई मुंबईत आले. मग ते ४० गुण लोबेराचे की या चौघांचे?

खालिदच्या गोष्टीतही हीच गुंतागुंत आहे. ऐझॉलला तो एकटा गेला नाही. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही दोन पोरं त्याच्याकडे होती. सीरियाचा महमूद अल अम्ना होता, लायबेरियाचा आल्फ्रेड जॅरियन होता. घरचं डोंगरातलं मैदान होतं आणि भरलेलं स्टेडियम होतं. एक गोष्ट बदलून बाकी सगळं तसंच ठेवता आलं असतं तर कोचचा वाटा मोजता आला असता. फुटबॉल अशी प्रयोगशाळा देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारताचा कोच झाला. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानवर विजय, मग ओमानला टायब्रेकरवर हरवून सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. देशभर जयजयकार. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ हार आणि आशिया चषकाची वाट बंद. तेच लोक, तेवढ्याच खात्रीने, उलटं बोलायला लागले. मधे सामने किती? बोटांवर मोजण्याइतके.

मग कोच म्हणजे नुसता अंगारा? तसं म्हणणाऱ्याने कूपरेजचा इतिहास वाचावा. रोव्हर्स चषक ही १८९१ पासून मुंबईत खेळली गेलेली स्पर्धा. पहिली कित्येक दशकं गोऱ्या पलटणींचं राज्य. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत येऊन हरलं, १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकला. नंतर टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र असे मुंबईचे कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ इथे घाम गाळून गेले. पण १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीसचा संघ आला, तो एका नव्या कोचच्या हाताखाली. पेशाने शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम. अलीकडच्या "मैदान" चित्रपटात अजय देवगणने केले ते.

रहीमसाहेबांच्या संघाने १९५०, ५१, ५२, ५३ आणि ५४, ओळीने पाच वर्षं रोव्हर्स जिंकला. आपला हिशेब इथे लावू. समजा चषकासाठी दरवर्षी चार बाद सामने जिंकावे लागत होते. पाच वर्षांचे वीस. बाद फेरीत एक चिठ्ठी वाकडी पडली की खेळ खल्लास. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात सत्तर असलेला तगडा संघ घेतला, तरी वीसच्या वीस जिंकणं बाराशे-तेराशे वेळांत एकदा जमेल. शक्यता शंभरात नव्वद धरली तरी आठांत एकदा. म्हणजे तो संघ नव्वदच्या आसपासचा असणार. एवढी भारी टोळी नशिबाने जमत नाही, कोणीतरी ती घडवावी लागते. रहीम आपल्या पोरांसाठी फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा भरवत. चेंडू पायात घोळवत न बसता लगेच पुढे देण्याचा त्यांचा आग्रह. पुढे भारताचे कोच म्हणून १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आला, त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटाकडून खेळणारा. आणि १९६२ मध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण.

रोव्हर्स २०००-०१ नंतर झाला नाही. मुंबई एफसीही त्या घसरणीनंतर बंद पडला. पण पन्नासच्या दशकात कूपरेजच्या स्टँडमध्ये बसलेल्यांना पाच चषकांची वाट बघावी लागली नसेल. पहिल्या वर्षीच त्यांना काहीतरी वेगळं दिसलं असणार, कारण एका सामन्यात गोल दोन-तीन होतात, पण शॉट वीस-पंचवीस आणि पास सातशे-आठशे. जी गोष्ट एका संध्याकाळी शेकडो वेळा घडते, तिच्यात नशिबाला फार वेळ लपता येत नाही. कोचने काही बदललं असेल तर ते आधी पासमध्ये दिसतं, मग शॉटमध्ये, मग कधीतरी गोलांत, आणि सगळ्यात शेवटी गुणतक्त्यात. हल्ली प्रत्येक शॉटला जागा बघून भाव देतात. पेनल्टी चारांत तीन वेळा आत जाते म्हणून तिचा भाव पाऊण गोल. चाळीस यार्डांवरून हवेत मारलेल्याला जवळजवळ शून्य. सगळे भाव मिळवले की संघाने किती गोल "कमावले" ते कळतं, मग प्रत्यक्षात किती झाले ते झालं.

म्हणून परतीच्या गाडीत "तीन सामने झाले, सहा गुण, कोच चांगला" म्हणणारा माणूस खरंतर काहीच सांगत नसतो. शेजारचा जो म्हणतो, "बघितलंस का, आपला लेफ्ट बॅक आता हाफलाइनच्या पुढे उभा राहतो, आणि चेंडू गेला की तिघं एकदम अंगावर जातात," त्याच्याकडे पुरावा आहे. तोच माणूस निकालावर आला की तितकाच आंधळा होतो, हेही खरं. आणि निव्वळ चेंडू पायात किती वेळ होता, त्या टक्केवारीला मी फारसा भाव देत नाही. मागच्या मागे पास देऊन ती कोणीही वाढवतो.

पुढच्या वेळी कोच बदलला की पहिल्या सामन्याला एक कागद घेऊन जा. समोरच्या अर्ध्यात आपण किती वेळा चेंडू हिसकावला, त्यांच्या गोलसमोरच्या पेटीत किती वेळा शिरलो, आणि ते आपल्या पेटीत किती वेळा, एवढंच टिपा. पाच सामन्यांत तुमच्याकडे गुणतक्त्यापेक्षा जास्त माहिती असेल. वांद्र्याच्या आत कोणीतरी तो कागद तुमच्या हातातून घेऊन उलटसुलट बघेल आणि विचारेल, "हे सगळं ठीक आहे रे, पण गोल कोण मारणार?"